आजोबांचा खरा पत्ता

मुलांनो, जरा डोळे मिटा. एक चौथा मजला डोळ्यांपुढे आणा. लांबलचक व्हरांडा, ओळीनं दारं, आणि शेवटच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेले एक आजोबा. शेजारी त्यांची नात. आजोबा तिला मुंगी म्हणतात, कारण तिचे पाय आणि तोंड दोन्ही कधी थांबत नाहीत.

आजोबांची सारी हयात पोस्टमनच्या नोकरीत गेली. आजी वारल्यावर मुलानं, म्हणजे मुंगीच्या बाबांनी, त्यांना लहान गावातून शहरात आणलं. आल्या आल्या आजोबांनी काय केलं? बँकेला, पेन्शनच्या कचेरीला आणि विमा कंपनीला नवा पत्ता कळवला. "घर बदललंत की आधी पत्ता कळवा, सामान मागाहून लावा," असं जन्मभर लोकांना बजावत आलेला माणूस. स्वतः कसा चुकणार?

पण तिथंच माशी शिंकली.

आजोबांच्या हृदयाची एक झडप थकली होती. लवकरच ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पेन्शनरांचा साधा विमा दवाखान्याचं निम्मंच बिल भरायचा. उरलेल्या निम्म्यासाठी आजोबा पूरक विम्याचा वेगळा हप्ता भरत. हा हप्ता माणूस कुठं राहतो त्यावर ठरतो. शहरातले दवाखाने महाग, म्हणून शहरातल्या म्हाताऱ्याचा हप्ताही महाग. झडप तीच, म्हातारा तोच, पण गाव बदललं आणि हप्ता तिप्पट झाला.

"अण्णा, कुणी सांगितलं होतं पत्ता कळवायला?" बाबा कपाळाला हात लावून बसले. "परत गेलात म्हणून कळवू, आणि राहा इथंच. कोण बघायला येतंय?"

"मी बघतोय की," आजोबा म्हणाले. "अरे, पत्त्यावर माणूस सापडला नाही की पाकीट आल्या पावली परत जातं. ऐन ऑपरेशनच्या वेळी पैसे असेच परत गेले तर?"

बाबांनी कारखान्यात जादा पाळ्या मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. आई शिकवण्या घेऊ लागली, तरी हातातोंडाची गाठ पडेना. शेवटी एका दुपारी जेवताना आजोबाच म्हणाले, "मी आपला गावी जातो. तिथली हवा बरी."

"इथली हवा वाईट आहे?" मुंगीनं विचारलं.

"वाईट नाही गं. महाग आहे."

मुंगीचा घास हातातच राहिला. "बाबा, माझी शाळेची व्हॅन बंद करा. मी चालत जाईन. मग राहतील ना आजोबा?"

आई पाणी आणायला उठली. तांब्या भरलेलाच होता.

बसमध्ये चढून बाबांनी आजोबांची बॅग वर ठेवून दिली, पण त्यांचा पाय काही खाली उतरेना. "अण्णा, मी नालायक निघालो."

"गप रे. नालायक असतास तर आणलंच नसतंस मला." आजोबांनी मुलाच्या शर्टाची कॉलर सरळ केली, अगदी शाळेत पाठवताना करत तशी. मग खिडकीतून हात काढून मुंगीचा गाल चिमटला. काहीतरी थट्टा करायची होती त्यांना, पण ती त्यांना सुचली नाही. बस निघाली.

आजोबा राहत होते ती खोली खरं तर मुंगीची. ते आल्यापासून ती बाहेरच्या खोलीत झोपायची. घरी येताच बाबांनी तिची गादी उचलून आत नेली. म्हणाले, "घे, तुझी खोली तुला परत मिळाली."

मुंगीनं गादीचं एक टोक धरलं आणि ती ओढत ओढत पुन्हा बाहेर आणली. मग मागं फिरून आतल्या खोलीचं दार हलकेच लोटून घेतलं, आत कुणाचा तरी डोळा लागला असावा तसं.