निरोगी गाव

आमच्या गावाला एक खोड आहे. कोणी परका चढण चढून वर आला की घरातलं दुखणंखुपणं झाकून ठेवायचं. पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही, मग जीव गेला तरी बेहत्तर.

पठारावर बावीस घरं आणि शाळेमागच्या खोलीत एक नर्सबाई. खालच्या दवाखान्यात जायचं तर चार तासांची उतरण. माझी लेक आठव्या महिन्यात सासरहून इथे आली ती नर्सबाईंच्याच भरवशावर.

त्यांना इथे ठेवायचं की नाही ते ठरवायला साहेब येणार असं कळलं आणि गावाला चेव आला. वाट झाडली, नर्सबाईंच्या खोलीला चुना फासला. त्या बिचाऱ्या घसा कोरडा करून सांगत होत्या, "अहो, आजारी माणसं रांगेत बसवा. साहेबांना तेच बघायचंय." ऐकतो कोण? मी स्वतः दमेकरी सासऱ्यांना मेंढ्यांच्या गोठ्यात बसवून आले. साहेब जाईपर्यंत खोकू नका, असं वर बजावलं. म्हाताऱ्याने तोंडात मफलर कोंबून दोन तास काढले.

साहेब दारोदार फिरले. "काही त्रास?"

"छे हो, इथली हवाच अशी आहे," मी म्हणाले.

"बाळंतपणं वगैरे?"

"ती काय, होतातच." लेकीला मी आतल्या खोलीत निजवलं होतं. साहेब घरोघर सह्या घेऊन, गरम दूध पिऊन खुशीत उतरले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. गाव निरोगी आहे, नर्सची गरज दुसरीकडे जास्त आहे. "बघ, निरोगी म्हटलंय आपल्याला," शेजारीण म्हणाली. तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार होते?

जायच्या आदल्या दिवशी नर्सबाई आमच्या स्वयंपाकघरात आल्या. ओल्या फडक्याची वळकटी करून म्हणाल्या, "ही नाळ समजा. दोन जागी दोरा करकचून बांधायचा, मधे कापायचं. करा." माझी गाठ सरकली. पुन्हा बांधली, पुन्हा सरकली.

चुलीपाशी बसलेली लेक बघत होती. "बाई, खाली जाऊन सांगता नाही का येणार, की आम्ही खोटं बोललो?"

"सांगून आले," नर्सबाई म्हणाल्या. "साहेबांनी अहवालच पुढे केला. त्याखाली घरोघरच्या सह्या आहेत. पहिली तुझ्या आईची."

मी लेकीकडे न बघता दोरा पुन्हा उचलला.