मधलं घड्याळ

फेना स्टोल्प आमच्या झानदामची. शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीत ती चार वेळा देशात पहिली आली, आणि ती रोमच्या ऑलिंपिकला गेली नाही. तिच्याबद्दल विचारलं तर गावातले म्हातारे या दोन गोष्टी याच क्रमाने सांगतात. यापुढची गोष्ट फक्त मला माहीत होती. चाळीस वर्षं मी ती सांगितली नाही, आणि सांगितली तेव्हा धड सांगता आली नाही.

मी गावच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. पोहणं मला बेताचंच येतं. क्लबात मला ओढलं ते क्रोमसाहेबांनी. ते टपाल कचेरीत अधिकारी होते, आणि शर्यतींत वेळ घेणाऱ्यांचे मुख्य.

"लाकमान, तुम्हाला गप्प बसता येतं," ते म्हणाले. "घड्याळवाल्याला एवढंच यावं लागतं."

तेव्हा विजेची घड्याळं नव्हती. प्रत्येक पोहणाऱ्यामागे तीन माणसं, तिघांच्या हातात तीन घड्याळं. पिस्तुलाचा धूर दिसला की दाबायचं, भिंतीला हात लागला की पुन्हा दाबायचं. तिन्ही वेळा वेगळ्या निघाल्या तर मधली खरी धरायची. हा नियम मला फार आवडायचा. मधे राहणाऱ्यावर काही येत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

फेना क्लबात आली तेव्हा तेरा वर्षांची होती. बाप बिस्किटांच्या कारखान्यात. तुटलेल्या बिस्किटांची पिशवी घेऊन यायची आणि पाण्यातून वर आली की ओल्या हातानेच सगळ्यांना वाटायची. माझ्यापासून सुरुवात.

"घड्याळवाले, आज तुम्ही उशिरा दाबलंत."

"नाही, फेना."

"मग मीच हळू पोहले म्हणायचं. जा, सुटलात तुम्ही. घ्या बिस्कीट."

ग्रंथालयातून ती प्रवासाची पुस्तकं न्यायची. पानं फुगून परत यायची. दंड मी माझ्या खिशातून भरायचो. हे तिला कळलं तेव्हा हसत हसत तिने क्लबभर सांगितलं, आणि मला आठवडाभर तोंड वर करवलं नाही.

छप्पन साली ती सोळाची होती. ऑलिंपिकसाठी मेलबर्नला जाणाऱ्या संघात तिचं नाव आलं. कोटासाठी शिंप्याने मापं घेतली. नोव्हेंबरात हंगेरीत रणगाडे शिरले, आणि निषेध म्हणून आपला संघ पाठवायचा नाही असं वर ठरलं. तिच्या बापाने कारखान्यात कुणाशी तरी मारामारी केली. फेना मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे तलावावर हजर.

"तिथे लोक मरताहेत," ती म्हणाली. "आणि मी काय कोटासाठी रडू? चार वर्षं तर आहेत."

ती चार वर्षं मी माझ्या घड्याळात पाहिली. एक मिनिट सात, सहा, पाच, चार. हिवाळ्यात तिचा खांदा दुखायचा. आई गरम वाळूची पिशवी बांधून द्यायची. वीस वर्षांची झाली तेव्हा देशात तिच्याहून जोरात पोहणारी एकच मुलगी उरली होती, आणि रोमसाठी दोघींना जागा होती. अट एकच. निवडीच्या दिवशी एक मिनिट तीन सेकंदांत यायचं, किंवा त्याच्या आत. दुसरी संधी नाही. शिवाय क्लास नावाच्या तरुणाशी तिचं लग्न ठरलेलं. लग्न झालेल्या बायका तेव्हा पोहत नसत.

निवड उघड्या तलावावर होती, जून महिन्यात. दिवसभर बारीक पाऊस. फेनाच्या पट्ट्यावर मी मधे उभा होतो. एका बाजूला आल्कमारचा एक शाळामास्तर, दुसऱ्या बाजूला एक दाक्तर.

शेवटच्या पंधरा मीटरांत मी फक्त तिचा उजवा हात पाहत होतो. तो भिंतीला लागला. मी दाबलं. घड्याळात पाहिलं. एक मिनिट तीन सेकंद. वर काही नाही.

आता जे झालं ते मला नेमकं सांगायला हवं. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच मला भीती वाटली. ती जिंकावी असं मला इतकं वाटत होतं की अंगठा हाताच्या आधी गेला असणार, असं मनात आलं. असणारच. मला ती आवडायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही पुरतं नव्हतं सांगितलं. अशा माणसाच्या अंगठ्यावर कुणी का विश्वास ठेवावा?

नियमाप्रमाणे क्रोमसाहेबांनी घड्याळ हातात घेऊन पाहायचं असतं. पण त्यांचा चष्मा पावसाने भरला होता आणि पुढच्या शर्यतीच्या मुली काठावर येऊन थांबल्या होत्या. त्यांनी तोंडीच विचारलं.

"तीनला एक दशांश कमी," शाळामास्तर म्हणाला.

"तीन आणि दोन दशांश," दाक्तर म्हणाला.

"लाकमान?"

"तीन आणि एक दशांश," मी म्हणालो.

"मधली तुमची," क्रोमसाहेब म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं. "घड्याळं शून्यावर घ्या."

मी घेतलं.

मी पाहिलं तेच सांगितलं असतं तरी मधली वेळ माझीच होती. तीन सेकंद. ती रोमला गेली असती. हा हिशोब मला तिथेच, काठावर उभ्या उभ्या कळला. तोंड उघडायला वेळ होता. मी उघडलं नाही. फेना पाण्यात काठ धरून, आमचे आकडे ऐकत वर पाहत होती. पाहता पाहता तिच्या चेहऱ्यावरून सगळं गेलं. मग ती म्हणाली, "मी शेवटी हात मारलाच नाही. नुसती सरकत आले. मूर्ख!"

हे तिने माझ्यादेखत स्वतःला सांगितलं, आणि पुढे चाळीस वर्षं तेच धरून ठेवलं.

सप्टेंबरात लग्न झालं. क्लास होड्या दुरुस्त करायचा. दोन मुली झाल्या. त्या मोठ्या झाल्यावर नव्या बंदिस्त तलावात तिला शिकवण्याची नोकरी मिळाली, ती तिने सव्वीस वर्षं केली. झानदामच्या निम्म्या पोरांनी आमच्याकडे असते ती कपड्याबुटांसकट पोहण्याची परीक्षा तिच्या हाताखाली दिली. मुलं तिला बाई म्हणत. तलावाच्या काचेबाहेरून जाताना तिचा आवाज यायचा. "सरकत येऊ नका! भिंत येईपर्यंत हात मारा! माझं काय झालं ठाऊक आहे ना?" त्या रस्त्याने जायचं मी टाळू लागलो.

तरी मैत्री राहिली. मी एकटाच. ती नाताळात बोलवायची, कधी वाटाण्याचं सूप डब्यात घालून पाठवायची. अहो-जाहो कधीच मागे पडलं होतं, लाकमानचा मी एव्हर्ट झालो होतो.

तिच्या एकसष्टाव्या वाढदिवसाला आम्ही नेहमीसारखे गोल बसलो होतो, मांडीवर केकची बशी. तिचा दीर हेर्बेन दरवर्षी एकच विनोद करतो. त्याने तो केला.

"वहिनी, त्या दिवशी नखं कापली नसतीस ना, तर रोमला पोचली असतीस!"

सगळे हसले. फेनाही हसली.

"नखांना कशाला दोष?" ती म्हणाली. टेबलावर तळहात ठेवून तिने तो हळूच पुढे सरकवला. "अशी आले. अशी. एक हात मारायचा होता फक्त. अजून रात्री जाग येते मला, आणि मी तो हात मारते. विचारा क्लासला."

"माझ्या नाकाडावर मारते," क्लास म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

त्या हशात मला बसवेना. मी बशा गोळा करून स्वयंपाकघरात नेल्या. ती मागोमाग आली. ती धुवू लागली, मी पुसू लागलो. आणि बशी पुसता पुसता मी सांगितलं. घड्याळात काय होतं, मी काय बोललो, का बोललो. आवडायची हे तेवढं वगळून.

तिने नळ बंद केला.

"तू काय पाहिलंस म्हणालास?"

"तीन."

"वर काही नाही?"

"काही नाही."

"म्हणजे मी वेळेत आले होते."

"हो."

"मग का नाही सांगितलंस?"

"तू जिंकावीस असं मला फार वाटत होतं, फेना. म्हणून माझाच मला भरवसा वाटेना."

"तिथे सगळ्यांनाच वाटत होतं," ती म्हणाली. "त्या शाळामास्तराला वाटत नव्हतं? त्याने तर एक दशांश कमी दिला. त्याला नाही शंका आली स्वतःची." साबणाचे हात तिने तसेच धरले होते. "चाळीस वर्षं, एव्हर्ट. पोरांना ओरडले मी. माझ्या स्वतःच्या पोरींना."

मी माफी मागितली. ती तिला ऐकूच आली नाही बहुतेक.

"लिहून दे," ती म्हणाली. "तारीख घालून, सही करून. मला ते मुलींना वाचायला द्यायचं आहे. हेर्बेनलाही. पुढच्या वर्षी त्याने तो विनोद करायच्या आत."

"देतो."

"दोनच ओळी. घड्याळात काय होतं आणि तू काय बोललास."

घरी येऊन मी त्याच संध्याकाळी बसलो. दोन ओळींना काय लागतं? आयुष्यभर मी पुस्तकांत वावरलेला. पण आकडा लिहायची वेळ आली की काटा डोळ्यांपुढे हलायचा. तीनवरच होता ना? की किंचित पुढे? ज्या घड्याळाला मी स्वतः शून्यावर नेलं त्याची साक्ष कोण देणार? इतकी वर्षं मनात घोळवून मीच तर तो तीनवर आणून ठेवला नसेल? तिला बरं वाटावं म्हणून? एका खोट्यावर दुसरं तर रचत नाही ना मी? अकरा कागद फाडले. तीन आठवडे गेले. तिचा फोन आला नाही.

शेवटी जे प्रामाणिक वाटलं ते लिहून मी तिच्या दारी गेलो. ती तलावावर निघालेली, अंगात कोट. दारातच तिने चष्मा लावून वाचलं. सावकाश, दोनदा.

"'माझ्या आठवणीप्रमाणे बहुधा तीन सेकंद'," तिने मोठ्याने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. "बहुधा?"

"इतकी वर्षं झाली, फेना. खोटं लिहायचं नव्हतं."

"क्रोमसाहेबांसमोर 'बहुधा' म्हणाला नव्हतात तुम्ही," ती म्हणाली. "तिथे आकडा सांगितला होतात."

तिने कागदाची नीट घडी केली आणि माझ्या कोटाच्या खिशात ठेवली.

"हे मुलींना काय दाखवू? ठेवा तुमच्याकडेच."

दार तिने आपटलं नाही. सायकल काढली आणि गेली. मुलं वाट पाहत असणार.

आमच्याकडे वाढदिवसाला बोलावणं नसतं. ज्याला जायचं तो जातो. पुढची चार वर्षं त्या दिवशी मी कोट घालून बसायचो, मग संध्याकाळी काढून ठेवायचो. पाचव्या वर्षी वाढदिवसाआधी, फेब्रुवारीतच ती गेली. गावच्या वर्तमानपत्रात आलं, देशाची चार वेळची विजेती, रोमची संधी शेवटच्या क्षणी सरकत आल्याने हुकली. बातमीखाली संपादकांचा पत्ता होता. मी कागद पुढे ओढला, तारीख घातली, आणि आकड्यापाशी थांबलो.