ताईच्या लग्नाचा ड्रेस

माझ्या दुकानात माणसं पोट आत ओढून आरशासमोर उभी राहतात आणि वर मलाच विचारतात, "बारीक झाले ना?" मी सांगते, "श्वास सोड, मग माप घेते." म्हणून गिऱ्हाइकं मला फटकळ म्हणतात. म्हणोत बापडी.

चिमणी माझ्या ताईची मुलगी. लग्न तोंडावर आलेलं, आणि तिने हट्ट धरला की आईच्याच लग्नाचा ड्रेस घालणार. तो मीच शिवलेला, शिवण शिकल्यावरचं माझं पहिलं मोठं काम. ताईला त्याचा कोण अभिमान! आल्यागेल्याला कपाटातून काढून दाखवायची, "बघा, माझी कमर केवढी होती!" आता तीच कमर चिमणीला गाठायची होती. बुटांच्या दुकानात नोकरीला, तिथे दिवसभर उभं राहायचं आणि जेवणाच्या सुट्टीत नुसता काळा चहा. ताई वर कौतुक करायची, "आता थोडंसंच राहिलंय गं."

त्या दुपारी मी पाठीची चेन लावत होते. दोन्ही बाजू जुळायलाच तयार नव्हत्या. "श्वास धर," ताई म्हणाली. चिमणीने धरला आणि माझ्या अंगावरच कोसळली. टाचण्यांचा डबा उडाला. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मी ओरडले, "बघत काय बसलीस? समोरच्या नर्सबाईंना हाक मार!"

समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. धावत आल्या. चिमणीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून म्हणाल्या, "अगं, लाली नावालासुद्धा नाही." दवाखान्यात नेऊन तिचं रक्त तपासलं. फारच कमी निघालं.

"मूल कधी हवंय?" त्यांनी सरळच विचारलं.

चिमणी लाजली. "आम्हा दोघांनाही लगेच हवंय."

"मग आधी अंगात रक्त भरू दे. मूल आईच्या अंगातलं घेऊनच वाढतं. त्याची घडण सुरू होते तेव्हा कित्येकींना दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं. मग धावपळ करून काय उपयोग? डॉक्टर गोळ्या देतील, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. पोटभर जेवायचं. पुन्हा तपासू, मग ठरवा. आणि होणाऱ्या नवऱ्यालाही पाठव. सिगारेट ओढत असेल तर त्याचे कान उपटते."

दुकानात परतल्यावर ताई फणकारली, "लग्नानंतर जेवू दे की! तेवढ्यात काय आभाळ कोसळणार आहे? माझ्या वेळी कोणी रक्तबिक्त तपासलं नव्हतं. झालंच ना मूल?"

माझी सटकली. "झालं! कसं झालं ते आठव. दिवस भरायच्या आधी. काचेच्या पेटीत ठेवलेलं, आणि आपण दोघी बाहेर उभ्या. हिला चिमणी का म्हणतो, सांग ना हिला!"

चिमणी आमच्याकडे टकामका बघायला लागली. "मी गोड होते म्हणून ना?"

ताई मटकन स्टुलावर बसली. चिमणीला म्हणाली, "एवढीशी होतीस. उचलून घ्यायचीही भीती वाटायची. आज राहते की जाते, रोज तेच." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "या ड्रेसपायी मी उपाशी राहायचे गं. लग्नानंतरही तेच चाललं होतं. सारखी चक्कर यायची. वाटायचं, होतंच असं."

मला रडू आलं. "त्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही, ताई. तेव्हा आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलंय."

ताईने डोळे पुसले आणि माझी छोटी कात्री उचलली. "ही कमर मीच उसवते."

शिवणीच्या आत जादा कापड ठेवायचं, त्याला आम्ही माया म्हणतो. तेव्हा मी नवशिकी, कापायची भीती, म्हणून चांगलीच ठेवली होती. बाहेरच्या कापडाचा रंग उडालेला, आतलं मात्र करकरीत. ती सोडल्यावर दोन्ही कुशींना गडद पट्टे उमटले.

"दिसेल गं ते," मी म्हणाले.

"दिसू दे," ताई म्हणाली.

लग्नात चिमणी दोनदा वाढून घेऊन जेवली. कोणी पट्ट्यांबद्दल विचारलं की ताईच पुढे व्हायची, "बघा, माझ्या लेकीची कमर केवढी आहे!"

जावयाने कुरकुर करत का होईना, सिगारेट सोडली. चिमणी दुपारचा डबा माझ्या दुकानात येऊन खायची, म्हणजे मी शेवटच्या घासापर्यंत पहारा द्यायला मोकळी. रक्त हळूहळू चढलं. नर्सबाईंनी हसून मान डोलावली, त्यानंतरच दोघांनी मनावर घेतलं.

बाळ होणार म्हणून मी झबलं शिवलं. मी मोठ्यांचे कपडे शिवणारी, बाळाच्या मापाचा कागद माझ्याकडे एकच, चिमणीच्या वेळचा. हात सवयीने त्याच्यावरच गेला. दिवस पुरे भरल्यावर मुलगी झाली, आणि मी ऐटीत झबलं घेऊन दवाखान्यात गेले.

ताई घालायला गेली तर बाहीत मूठच शिरेना! पोरगी लालबुंद होऊन अशी किंचाळली की शेजारच्या खोलीतल्या बायका डोकावल्या. इतक्या वर्षांत माझं माप एवढं कधी चुकलं नव्हतं.

ताईने झबलं माझ्या हातात कोंबलं. हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "उसव बाई, उसव," ती म्हणाली, "आपली पोर मावत नाहीये यात."