बर्फाच्या खणातली शिशी

वीज वाचवण्यात काही वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणतील, हा धुरपताच्या काटकसरीवर घसरला. तिच्या घरी माणूस उठला की पंखा बंद व्हायचा, टीव्ही नुसता रिमोटनं नाही तर बटण दाबून बंद व्हायचा, आणि नवऱ्याचा शेवटचा सदरा बंद केलेल्या इस्त्रीच्या उरलेल्या उबेवर निघायचा. हे सगळं शहाणपणाचंच होतं. पण फ्रिजच्या बाबतीत या बाईनं जे केलं, ते आठवलं की अजून राग येतो, आणि रागामागून कीवही येते.

आमचा टोला, म्हणजे थोड्याशा घरांची वस्ती, अर्जुनी मोरगावच्या पलीकडे, जंगलाला लागून. टोल्यावर फ्रिज एकच, धुरपताकडे, तिच्या मुलानं नागपूरहून पाठवलेला. शेजारच्या चंदाच्या रुचीला लहानपणीच साखरेचा आजार जडला होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घेतल्याशिवाय ती पोर जगू शकत नव्हती. औषधाची शिशी थंडाव्यात ठेवा, असं डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा धुरपतानं आपणहून फ्रिजच्या दारातला कप्पा रिकामा करून दिला. रुचीवर तिचा जीव होता. चंदा पोरीला घेऊन यायची, ओसरीवर बसून सुई द्यायची, आणि तेवढा वेळ धुरपता काहीबाही बडबडून रुचीचं तोंड दुसरीकडे वळवायची.

मग मे महिना लागला आणि तेंदूपत्ता, म्हणजे बिडीच्या पानांची तोडणी, सुरू झाला. या दिवसांत अख्खा टोला उजाडताच जंगलात जातो. अंगणात पानं वाळत पडलेली, घरं कुडाची. कुठं ठिणगी पडली तर विझवायला माणूस नाही. म्हणून कुलूप लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. धुरपताला तर तो फारच आवडायचा, कारण मीटरचा लाल दिवा विझलेला पाहून तिला खरोखर बरं वाटे.

फ्रिजचं काय, याचा तिनं विचार केला होता. बर्फाचा थंडावा दुपारपर्यंत टिकतो, हे तिला माहीत होतं. सकाळची सुई झाली आणि चंदा घरी गेली की ती शिशी दारातून काढून वरच्या खणात, बर्फाच्या मधोमध खोचायची आणि मग मेन पाडायची. जंगलातून आली की मेन चालू, शिशी परत दारात. पोरीचं औषध उन्हानं खराब होऊ नये म्हणून ही सगळी धडपड. चंदाला यातलं काही ठाऊक नव्हतं; फ्रिजसाठी धुरपता मेन चालूच ठेवते, असं ती धरून चालली होती. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं धुरपताला वाटलंच नाही.

थोड्याच दिवसांत रुची वाळायला लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची आणि तरी तिचे ओठ कोरडेच. न्हाणीत ती जिथं लघवीला बसे, तिथं काळ्या मुंग्यांची रांग लागायची. चंदा पाणी ओतून मुंग्या घालवायची आणि त्या दुपारपर्यंत परत यायच्या.

"मशीन रोज साखर जास्तच दाखवून राहिली मावशी," चंदा म्हणाली. "सुई तं बरोबर देऊन राहिली मी."

डॉक्टरनं फोनवर आधी थोडा डोस वाढवला, मग आणखी वाढवला. औषध थंड ठेवता ना, हेही विचारलं. "हो जी, फ्रिजात आहे," चंदानं सांगितलं. तिच्या परीनं ते खरंच होतं.

एक दिवस धुरपता जंगलातून आली, खण उघडला, तर शिशी तडकलेली. आत औषधाचा पांढरा गोळा काचेला चिकटून बसला होता. ती तशीच एसटीनं अर्जुनीला गेली आणि औषधाच्या दुकानात शिशी पुढे ठेवली.

"बर्फात ठेवली होती का बाई?" दुकानदारानं विचारलं. "याचा एकदा बर्फ झाला का औषध मेलं समजा. मग हे टोचा नाही तं पाणी टोचा, सारखंच. किती दिवसांपासून ठेवून राहिल्या?"

"आजच," धुरपता म्हणाली.

नवी शिशी ओल्या फडक्यात गुंडाळून ती परतली. वाटेत तिला त्या मुंग्या दिसत होत्या. आपण पोरीला इतके दिवस पाणी टोचायला लावलं, हे तिला कळलं होतं. पण ज्या चंदानं विश्वासानं शिशी हातात दिली, तिला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आता चूक निस्तरली, नवं औषध आलं, बोलून काय मिळणार, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला फार लवकर समजावतो.

"माझ्या हातून शिशी फुटली वं," तिनं चंदाला सांगितलं. "हे घे, नवी आणली."

"कायले धावपळ केली मावशी उन्हाची," चंदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. धुरपता पोचली तोवर रात्र झाली होती, त्या संध्याकाळची सुई तर चुकलीच होती. रुची ग्लानीत पडून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदानं ओसरीवर नव्या शिशीतून औषध ओढलं. धुरपता रोजच्यासारखी रुचीशी बोलत होती. बोलता बोलता तिची नजर सुईवर गेली आणि ती थांबली.

"एवढं?"

"दुप्पट झालं आता. डॉक्टरनंच वाढवलं. पहिल्या मापानं लागूच होऊन नोहतं राहिलं."

धुरपताचा हात रुचीच्या केसांत तसाच राहिला. माप वाढलं होतं ते मेलेल्या औषधासाठी, आणि सुईत होतं ते जिवंत औषध. हे तिला लख्ख कळलं असं मी म्हणणार नाही. पण काहीतरी उलटं होतंय, एवढं नक्की कळलं.

"आज कमीच दे ना," ती म्हणाली.

"काऊन?"

आता एक वाक्य बोलायचं होतं. धुरपतानं पदरानं तोंड पुसलं. "काही नाही. पोर लहान आहे, म्हणून म्हटलं."

चंदा थकलेलं हसली आणि तिनं सुई टोचली.

त्या दिवशी धुरपतानं मेन पाडला नाही. जंगलात तिचा हात पानांवर चालेना. दुकानदाराचं बोलणं आठवत होतं, पाणी टोचा, सारखंच, आणि पाण्याऐवजी आज काय टोचलं तेही. पानांनी अर्धं भरलेलं गाठोडं तिनं झाडाखाली टाकलं आणि उन्हात धावत सुटली.

चंदाच्या ओसरीवर पंखा फिरत होता. खाली चंदा आणि तिचा नवरा भूपेंद्र पानांचे पुडे बांधत बसले होते. रुची खाटेवर झोपली होती.

"हळू बोल," चंदा कुजबुजली. "किती दिवसांनी अशी निजली. पेज खाल्ली दोन घास, अन् तेव्हापासून पाणीसुद्धा नाही मांगितलं."

धुरपतानं रुचीच्या कपाळाला हात लावला. बाहेर ऊन भाजत होतं आणि पोर घामानं चिंब, गार पडली होती. तिनं हलवलं, गालावर मारलं. मान नुसती कलली.

"साखर आण, साखर," धुरपता म्हणाली. "तुझी पहिली शिशी मेलेली होती चंदा. मी बर्फात ठेवत होती रोज, फ्रिज बंद करून. लाईट वाचवाले. नवं औषध दुप्पट दिलं तू, पोरीची साखर पार उतरली."

चंदानं डबा उपडा केला. दोघींनी मिळून साखर पोरीच्या हिरड्यांना चोळली. ती विरघळून ओठांच्या कोपऱ्यातून खाली ओघळली. रुचीनं गिळलं नाही. भूपेंद्रनं मोटरसायकल काढली, चंदा पोरीला छातीशी धरून मागे बसली.

गाडी सुरू झाली तेव्हा चंदानं वळून पाहिलं. "सकाळी काऊन नाही बोलली मावशी? माझ्या हातात सुई होती तेव्हा?"

"लाज वाटली," धुरपता म्हणाली.

गाडी अर्जुनीच्या रस्त्याला लागली. ओसरीवर सांडलेल्या साखरेला मुंग्या लागायला लागल्या होत्या. शेजारच्या कुलूपबंद घरात फ्रिज चालू होता, त्याची घरघर ओसरीपर्यंत ऐकू येत होती.