तो आमचाच आहे

ती क्लिप अठ्ठावीस सेकंदांची होती. फतेगंजच्या एका घड्याळाच्या दुकानात पाच-सहा माणसं घुसतात, त्यातला एक आडदांड तरुण काउंटरपुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला बाजूला ढकलतो आणि म्हातारा हातावर पडतो. पुढे काही नाही. पण त्या तरुणाच्या टी-शर्टवर धनाजीरावांच्या आखाड्याचं नाव होतं, आणि दुपारपर्यंत ते निम्म्या बडोद्याने वाचलं होतं.

आखाड्यात तीसेक मुलं-मुली कुस्ती शिकत. शनिवारपर्यंत अकरा जणांचं येणं थांबलं. पेपरात 'पहिलवान टोळी' असा शब्द आला होता.

शहरातल्या वासणा भागात निरुपमाच्या घरी तो शब्द सकाळच्या चहाबरोबरच पोचला. तिचे सासरे दत्तात्रेय निवृत्त प्राध्यापक. बातमी मोठ्याने वाचून ते म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं. या लोकांचं अंग वाढतं आणि डोकं आटतं. आपल्या घरातली मुलगी तिथे कशाला?" निरुपमाची तेरा वर्षांची लेक सानवी पोह्यांची बशी तशीच ठेवून आत गेली.

निरुपमा शाळेत गुजराती शिकवायची. दोन वर्षं ती लेकीला खंडेराव मार्केटमागच्या त्या आखाड्याच्या दारात सोडून तशीच शाळेकडे वळत होती. आत कधी गेली नव्हती. त्या संध्याकाळी गेली, ती सानवीचं नाव काढायला.

आत धनाजीराव बाकावर बसले होते. वय सत्तरीचं, कुस्तीने दोन्ही कान मोडलेले, आवाज मात्र मऊ. समोर आखाड्याचे चिटणीस जयवंतराव कागद घेऊन उभे होते.

"सही तेवढी करा, वस्ताद. 'सदर व्यक्तीचा आमच्या संस्थेशी काहीही संबंध नाही.' एवढंच लिहिलंय. सगळे असंच करतात."

"समरजित बारा वर्षं इथे येतोय, जयवंतराव."

"म्हणूनच म्हणतो. आखाडा बुडेल."

"मग काय खोटं बोलून वाचवायचा?"

जयवंतरावांनी कागद बाकावर ठेवला आणि ते बाहेर निघून गेले. धनाजीरावांचं लक्ष निरुपमाकडे गेलं. "या ताई, बसा. तुम्ही शिक्षिका ना? गुजरातीत चार ओळी लिहून द्याल? पेपरवाल्यांना द्यायच्यात."

नाव काढायला आलेय, हे तिच्या ओठांवर होतं. पण तिने पर्समधून पेन काढलं.

"लिहा. तो आमचाच आहे. त्याने केलं ते चूक आहे. बारा वर्षांत आम्ही त्याला डाव शिकवले, पण कुणी नुसतं उभं राहायला बोलावलं तर नाही म्हणायला शिकवलं नाही. ती चूक माझी."

क्लिपमधला समरजित कोपऱ्यात उभा होता. पंचविशीचा, एकशे दहा किलोचा देह, मान खाली. "दलाल म्हणाला होता, दुकान खाली करून घ्यायचंय, फक्त जाऊन उभं राहायचं," तो पुटपुटला. "काका हलेनात, म्हणून..."

"म्हणून काय केलंस?"

"ढकललं."

"तेही लिहा ताई," धनाजीराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धनाजीराव, समरजित आणि निरुपमा फतेगंजला गेले. दुकानदार रमाकांतभाई प्लास्टर घातलेला उजवा हात मांडीवर घेऊन बसले होते. त्या हाताने चिमटा धरता येईना, म्हणून दुरुस्तीची घड्याळं खोक्यात तशीच पडून होती. समरजित वाकून पाया पडायला गेला, तसे त्यांनी पाय मागे घेतले.

"माफी नको. मला एवढंच सांग, इतकी ताकद कमावून तुम्ही लोक करता काय?"

उत्तर धनाजीरावांनी दिलं, "सांगून कळायचं नाही, रमाकांतभाई. रविवारी सकाळी सहाला या. तुम्हाला वाटलं तरच या."

ते येतील असं निरुपमाला वाटलं नव्हतं. पण रविवारी ती सानवीबरोबर पोचली तेव्हा ते कुस्तीच्या हौदाच्या कडेला येऊन बसले होते. ती शेजारी बसली. हौदातल्या लाल मातीला तेलाचा, ताकाचा, हळदीचा वास होता. आखाड्याचा नेम असा, की सगळ्यात जड पहिलवानाने सगळ्यात लहानांना पडायला शिकवायचं. समरजितने मातीला हात लावून कपाळाला नेला आणि सानवीला बोलावलं.

त्याने तिचा दंड धरला, कंबर वळवली, आणि चाळीस किलोची पोर त्याच्या खांद्यावरून हवेत गेली. निरुपमा अर्धी उठली. ओरडायलाही वेळ नव्हता. पण सानवीचं डोकं मातीला टेकण्याआधी त्याचा तळवा तिथे पोचला होता. कापसाची गादी ठेवावी तसं त्याने तिला खाली ठेवलं. पुन्हा फेकलं, पुन्हा तळवा आधी. वीस वेळा, पंचवीस वेळा. एकदाही उशीर झाला नाही, एकदाही त्याने तिकडे पाहिलं नाही. सगळा देह वेगात असताना तो एक हात मात्र आपला आपण वाट शोधत होता. निरुपमाच्या अंगावर काटा आला. दोन वर्षं तिची लेक रोज या हातावर पडत होती आणि तिला ते माहीतसुद्धा नव्हतं.

रमाकांतभाई पुढे सरकले. "दर वेळी हात ठेवतोस?"

"हो, काका." तो धापा टाकत होता. "समोरच्याची मान आपल्या जिम्म्यात असते. वस्ताद पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"मग त्या दिवशी कुठे होता हा हात?"

समरजित मातीत खाली बसला. या वेळी धनाजीरावांनी त्याच्या वतीने उत्तर दिलं नाही.

रमाकांतभाई उठले. "तक्रार मी मागे घेणार नाही."

"घेऊ नका," धनाजीराव म्हणाले.

"सारुं. पण पुढच्या रविवारी परत येईन. हे एकदा बघून पुरत नाही."

पत्रक एकाच पेपरात छापून आलं, आतल्या पानावर. काहींनी त्याचीही टिंगल केली. अकरांपैकी सहा मुलं परत आली, पाच आली नाहीत. समरजितने कोर्टात पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. जयवंतराव अजून म्हणतात, सही केली असती तर एवढं झालं नसतं.

निरुपमाने घरी सगळं सांगितलं. दत्तात्रेय "बरं" म्हणाले आणि पुस्तकात डोकं घातलं. पण तिसऱ्या रविवारी ते काठी घेऊन दारात तयार उभे होते. आखाड्यात दीड तास ते रमाकांतभाईंच्या शेजारी बसले.

"मी जन्मभर वाचत आलो गं," परतताना गाडीत, वासण्याच्या वळणावर ते म्हणाले. "हे असं असतं, ते कुणी सांगितलं नाही."

"आपणही कधी विचारलं नाही, बाबा," निरुपमा म्हणाली.