पुलाखालच्या टोळीचे शर्ट

नव्या कपड्यांचे बारा वाजवणं हा माझा धंदा. शूटिंगसाठी शर्ट येतो तो दुकानातून, कडक, टाचण्या लावलेला. मी त्याला चहाच्या पाण्यात बुडवतो, काचकागदाने कोपर घासतो, कॉलरला तेलकट काळं फासतो. तीस वर्षांत मी इतके भिकारी आणि मवाली घडवलेत, की निर्माते मला ‘मळकट मास्तर’ म्हणतात. त्याचा मला राग येत नाही, उलट छाती फुगते. माझी लेक माझ्या हाताखाली काम करते. तिची इस्त्री माझ्याहून सरस, आणि जीभही.

या वेळचा सिनेमा बंगल्यातल्या तीन पोरांचा होता. घरात काही म्हणजे काही कमी नसताना ती पुलाखालच्या टोळीच्या नादाला लागतात. दिग्दर्शिका सत्तावीस वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा, आवाज इतका बारीक की तिने ‘कट’ म्हटलेलं शेजारच्यालाच कळावं. पहिल्या दिवशी मी मनात म्हटलं, हिचं काही खरं नाही. माणूस ओळखण्यात मी सपशेल चुकलो.

शूटिंगच्या आदल्या दिवशी सकाळी मी टोळीच्या आठ जणांना कपडे चढवून तिच्यासमोर उभं केलं. युनिटने टाळ्या वाजवल्या. ती मात्र एकेकाच्या जवळ जाऊन कॉलर बघत राहिली.

“काका, काम झकास झालंय. पण ही ती माणसं नाहीत.”

माझं डोकंच फिरलं. “मग कोण? तीस वर्षं हेच करतोय मी, बाई.”

“सोळाव्या वर्षी मी दोन महिने पुलाखाली जाऊन बसायचे,” ती म्हणाली. “मुद्दाम फाटकी पँट घालून, केस न विंचरता. तिथे सगळ्यांत घाणेरडी मीच असायचे. त्यांचे कपडे स्वच्छ. डोक्यावर छप्पर नाही, आणि शर्टाला घडी! कसं जमायचं ते मी कधी विचारलंच नाही. मला माझंच कौतुक होतं ना.”

हे तिने पन्नास माणसांसमोर सांगितलं, चष्मा पुसत, अगदी सहज. आपली लाज अशी चारचौघांत बाहेर काढायला हिंमत लागते. माझ्यात ती नव्हती. कारण कसं जमायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत मी फुटपाथवर वाढलो. लेकीला मात्र सांगत आलो, की तिच्या आजोबांचं कापडाचं दुकान होतं. दुकान होतं, पण दुसऱ्याचं. आम्ही त्याच्या पायरीवर झोपायचो. तरी तीस वर्षं मी रस्त्यावरच्या माणसाला काळं फासत आलो. मागणी तशी होती, आणि माझ्यावर कुणाचा संशयही जात नव्हता.

लेक समोरच इस्त्री करत होती. बोललो तर तिच्या नजरेतून उतरणार. गप्प बसलो तर या गुणी पोरीचा सिनेमा खोटा पडणार.

“एक बादली आणा,” मी म्हणालो.

शर्ट धुतला. दमट असतानाच घडी घातली, खोक्याचा पुठ्ठा अंथरून त्याखाली सारली आणि वर बसलो. “असंच त्यावर झोपायचं. मळका दिसलात तर दुकानदार हाकलतो, स्वच्छ दिसलात तर ओझं उचलायला बोलावतो. एकच शर्ट, रोज धुवायचा. म्हणून तो मळत नाही, विरतो. आधी खांद्यावर, ओझ्याने.”

“तुम्हाला कसं माहीत, बाबा?” लेकीने विचारलं.

सांगून टाकलं. दुकान, पायरी, सगळं. पुठ्ठ्यावर बसूनच, तिच्याकडे न बघता. तिने इस्त्री बंद केली, बादली ओढली आणि दुसरा शर्ट धुवायला घेतला. संध्याकाळपर्यंत आम्ही आठही शर्ट धुतले, त्यांचे खांदे घासून विरवले. तेवढ्या वेळात ती माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. घरी गेल्यावरही नाही.

सकाळी टोळी स्वच्छ कपड्यांत उभी राहिली. बंगल्यातली नायिका गुडघ्यावर फाडलेली महागडी पँट घालून समोर आली. टोळीतल्या मुलीने तिला नखशिखान्त पाहिलं, आणि नायिकेचा हात आपसूक त्या फाटक्या गुडघ्यावर गेला. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शिकेने ‘कट’ म्हटलंच नाही. नायिका खरोखर लाजून लाल झाली, तरी कॅमेरा चालूच. कुठे थांबायचं हे कळणारे पुष्कळ भेटले. कुठे थांबायचं नाही हे कळणारी ही पहिलीच.

तेवढ्यात निर्माते उगवले.

“हे मवाली आहेत की लग्नाला निघालेत? रस्त्यावरची माणसं अशी असतात? कुणाचं डोकं हे?”

“माझं,” दिग्दर्शिका म्हणाली. तिने मला पुढे केलं नाही.

“तुला काय कळतंय? बंगल्यात वाढलेली तू! मळवा सगळे कपडे, आणि हा सीन पुन्हा घ्या.”

ती एकटी पडली होती. मी गर्दीतून पुढे सरकलो.

“माझ्या बाबांनी सांगितलं हे,” मागून लेकीचा आवाज आला, खणखणीत. “ते फुटपाथवर वाढलेत. आठ वर्षं. त्यांना विचारा, पण जरा नीट विचारा.”

सगळं युनिट माझ्याकडे वळलं. निर्मात्यांचा आवाज खाली आला. “खरं, मास्तर?”

मी लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, तरी ती निर्मात्यांकडे रोखून बघत होती.

“खरं,” मी म्हणालो. “सीन पुन्हा घ्यायची गरज नाही.”