सैल धागा

लोह्याजवळच्या मठात दर गुरुवारी पोटुशा बायांची ही गर्दी! धोंडप्पा महाराज एकेकीच्या पोटाभोवती लाल धागा बांधायचे आणि माईकवरून गर्जायचे, "नवव्या महिन्यातबी धागा सैल! बाळ मुठीएवढं, बाळंतपण बिगरटाक्याचं! डाक्टरची सुरी माझ्या धाग्याला भिऊन हाय!" पथ्य एकच. दिवसातून एकदा, अर्धी भाकर.

साखराबाईनं सुनेकडून हे पथ्य इमानेइतबारे पाळून घेतलं. पुनम भुकेनं कळवळली की ती म्हणायची, "दम धर जरा. सिझर झालं तर जन्माची अधू व्हशील." एकदा पुनम चुलीमागं शिळी भाकर खाताना सापडली, तर सासूनं हातातला तुकडा काढून घेतला. बाईचा जीव होता सुनेवर, हेच तर वाईट.

पुनम तीन तासांत मोकळी झाली, एकही टाका न पडता. साखराबाई पेढे घेऊन मठात धावली. महाराजांनी तो सैल धागा काठीला बांधून मिरवला आणि बायांनी टाळ्या पिटल्या.

बाळ दीड किलोचं भरलं. नांदेडला काचेच्या पेटीत ठेवलं, पण चौथ्या दिवशी गेलं.

"कुणाची नजर लागली गं माय," साखराबाई रडत होती. उपकेंद्राच्या नर्स तनुजाताईंनी पुनमचं कार्ड तिच्यापुढं धरलं.

"मावशी, तिसऱ्या महिन्यात हिचं वजन बेचाळीस, नवव्यात त्रेचाळीस. दहा किलो तरी वाढायला पाहिजे होतं. अंगात रक्त नुसतं सात, पाहिजे अकराच्या वर. धागा तर बांधतानाच दोन वीत ढिला बांधतेत, तो काचणार कसा? माय उपाशी, म्हणून लेकरू बारीक. चमत्कार कशाचा?"

साखराबाईला चुलीमागचा तो तुकडा आठवला.

गुरुवारी ती मठात गेली आणि बाळ गेल्याचं सांगितलं. महाराजांनी डोळेही न उघडता निवाडा दिला, "सुनेनं पथ्य मोडलं असंल."

"मोडू दिलं न्हाई म्या!" साखराबाई ओरडली. "ह्या हातानं तिच्या तोंडचा घास काढला! बायांनो, धागे तोडा, घरी जाऊन पोटभर जेवा. दवाखान्यात वजन करा, रक्त तपासा. लेकरू मायच्या ताटातलंच खातंय!"

दोघी उठल्या. बाकीच्या उपाशी पोटी रांगेत बसून राहिल्या, आणि महाराजांनी पुढचा धागा उचलला.